गाड्याला हात

हिरडेवाडीचा मरीआईचा गाडा शिवेवरच्या ओढ्यात रुतला आणि त्याचं बालंट रतनबाईवर आलं. तिच्या नवऱ्याला माती देऊन तेव्हा वीस दिवसही झाले नव्हते.

साल एकोणीसशे अठरा. पितृपक्ष चालू होता. मावळात एरवी त्या दिवसांत भाताच्या खाचरातून पाय निघत नाही, पण त्या वर्षी पावसानं दगा दिला आणि खाचरांना भेगा पडल्या. त्यातच आगगाडीबरोबर मुंबईहून ताप आला. लोक त्याला मानमोडी म्हणत. सकाळी धडधाकट असलेला माणूस दुपारी अंग मोडून पडायचा आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी मान टाकायचा. आधी लोणावळ्याच्या रेल्वे चाळींत, मग कामशेतच्या बाजारात, मग लायनीच्या कडेच्या एकेका गावात तो ताप शिरला. हिरडेवाडी लोणावळ्यापासून तीन कोसांवर. ऐंशी उंबऱ्यांच्या त्या गावात पंधरा दिवसांत एकवीस माणसं गेली.

रतनबाईचा नवरा गेणू खंडाळ्याच्या घाटात रेल्वेच्या गँगवर होता. तो लोणावळ्यातच पडला, तिथंच गेला आणि तिथल्या ख्रिस्ती लोकांनी त्याला मूठमाती दिली. गेणू आणि रतनबाई नऊ वर्षांपूर्वी ख्रिस्ती झाले होते. हिरडेवाडीच्या महारवाड्यात ख्रिस्ती असं ते एकच घर, आणि तेही निम्मंच. गेणूची आई बयाबाई हिनं आपले देव सोडले नव्हते. कोनाड्यात तिचे शेंदूर लावलेले दगड असत आणि त्याच भिंतीला पलीकडच्या खुंटीवर गेणूचं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, फडक्यात गुंडाळून टांगलेलं असे. चूल मात्र एकच. रतनबाईला वाचता येत नव्हतं. ती दर रविवारी तीन कोस चालून लोणावळ्याच्या ख्रिस्ती देवळात जायची, ऐकायची आणि ऐकलेलं तोंडपाठ ठेवायची.

लोणावळ्याचे पाळक महिपती हे आधी शाळेवर होते, म्हणून सगळे त्यांना मास्तरच म्हणत. मास्तरांचा भर एका गोष्टीवर. प्रभू परत येणार, आणि लवकर येणार. चार वर्षं विलायतेकडे लढाई चाललेली, इकडे पाऊस नाही, आता ही साथ. मास्तर एकेक बोट मिटत चिन्हं सांगायचे. म्हणायचे, "शेवट जवळ आला की संकटं दाट होतात, बाईच्या कळांसारखी. त्यात जो तग धरील तो सुटला. कर्णा वाजेल तेव्हा जो जिथं असेल तिथंच सापडेल."

हे रतनबाईनं घरी सासूला सांगितलं होतं, आणि तेव्हापासून बयाबाईला करमणुकीचा एक विषय मिळाला होता. घाट उतरायच्या आधी इंजिन लांब शिट्टी द्यायचं. वारा तिकडचा असला की ती हिरडेवाडीत ऐकू यायची. बयाबाई अंगणातून हाक मारायची, "रतने, वाजला बग कर्णा. पदर सावर."

"मालगाडी हाय ती, आत्याबाई."

"मंग मालगाडीनं येत आसंल. दुसऱ्या गाडीला गर्दी लय असती."

रतनबाईला राग येत नसे. सासूची जीभ सगळ्यांना सारखी होती. स्वतःच्या देवांनाही तिनं कधी सोडलं नव्हतं.

गावात साथ आली की मरीआईचा गाडा काढायचा, ही मावळातली जुनी चाल. गाडा म्हणजे कमरेएवढ्या उंचीचा लाकडी खटारा, दोन चाकं आणि पुढे ओढायला एक दांडी. त्यात हिरव्या खणावर देवी बसवायची, घरटी मूठभर धान्य आणि एक बांगडी टाकायची, आणि वाजतगाजत नेऊन गाडा शिवेपलीकडे सोडायचा. पलीकडच्या गावानं तो आपल्या हद्दीतून आणखी पुढे ढकलायचा. गाडा देवळातून हलला की शिव ओलांडेपर्यंत गावात कुणी चूल पेटवायची नाही, असा दंडक होता.

हिरडेवाडीत दांडीला पहिला हात येसकराच्या घरचा. येसकर म्हणजे गावाची वेस राखणारा, आणि ते घर पिढ्यान्पिढ्या गेणूचं. प्लेगाच्या साली गेणूच्या बापानं गाडा ओढला होता. गेणू ख्रिस्ती झाला तेव्हा त्यानं येसकरी सोडली आणि ती त्याच्या चुलतभावाकडे, कोंडाजीकडे गेली. म्हणून या खेपेला पहिला हात कोंडाजीनं लावला. शिवेवरच्या ओढ्यात पाणी नव्हतं, पण गाळ होता. त्या गाळात डावं चाक आसापर्यंत गेलं. चौघांनी ओढलं, काही होईना. मग गाड्याबरोबरच्या पोतराजाच्या अंगात आलं. तो म्हणाला, "जुन्या घरचा हात पायजे. बाप्याचा असंल, बाईचा असंल, रांडमुंडीचा असंल. त्याबिगर आई हलायची न्हाई."

जुन्या घरात राहिल्या होत्या दोघी विधवा. त्यातली बयाबाई चार दिवस तापानं पडलेली होती, तिला कूस बदलायलाही माणूस लागायचं. म्हणजे उरली रतनबाई.

दुपारी अंबाजी पाटील महारवाड्याच्या तोंडाशी आले आणि चिंचेखाली उभे राहिले. त्याच्या आत ते कधी येत नसत. बरोबर कोंडाजी होता. रतनबाई पदर पुढे ओढून, अंतर राखून, अंगणाच्या कडेला उभी राहिली.

"रतनबाई," पाटील म्हणाले, "माझ्या घरात दोन सुना पडल्यात. थोरलीला सकाळपास्नं सुद न्हाई. गाडा तितं ओढ्यात आन गावात चुली बंद. तुजा धर्म सोड म्हनून मी सांगत न्हाई. दांडीला निस्ता हात लाव. वढायला मानसं हायत."

"तेवडं सोडून कायबी सांगा, पाटील. वाड्यात पडल्याल्यांचं हागणंमुतणं काढीन. मढी उचलीन. तेवडं सांगू नगा."

कोंडाजी मध्ये पडला. "वैनी, ताणू नगा. तुमच्यात त्या देवाची आई हाय न्हवं? काय नाव तिचं?"

"मरिया."

"मंग झालं की. तुमची मरिया, आमची मरीआई. नावात तरी कितीसा फरक हाय? आपली समजून लावा हात."

चिंचेमागं जमलेल्या बायकांत कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. कोंडाजी मात्र मस्करी करत नव्हता. त्याला खरोखर तसंच वाटत होतं, आणि वहिनीसाठी त्यानं त्यातल्या त्यात सोपी वाट काढली होती. पाटलांनीही मान हलवली. गावाला चालत होतं, पाटलांना चालत होतं, आणि लोणावळ्यापर्यंत बातमी गेलीच तरी सांगायला एक सबब होती.

रतनबाईला ती वाट दिसली. पण बाप्तिस्म्याच्या दिवशी मास्तरांनी तिला सगळ्यांपुढे उभं केलं होतं. लिहितावाचता न येणाऱ्यांचा ते अंगठा घेत नसत, उजवा हात वर करायला लावत. हा हात परत मरीआईला लावशील का, असं त्यांनी विचारलं होतं आणि तिनं हात वर धरूनच नाही म्हटलं होतं. त्या दिवशी मरिया कोण आणि मरीआई कोण, यात कुणाचा घोटाळा झाला नव्हता.

"त्या दोगी एक न्हाईत, भावजी," ती म्हणाली. "आन मला ते ठावं हाय. ठावं नसतं तर लावला आसता."

कोंडाजीचा चेहरा उतरला, मग ताठ झाला. "मंग आजपास्नं वाड्याच्या हिरीचं पानी तुमास्नी बंद. आन म्हातारीचं बरंवाईट झालं तर खांद्याला कुनी यायचं न्हाई. हे पंचांचं बोलनं समजा."

पाटील वळले. चार पावलं जाऊन थांबले आणि पाठमोरेच म्हणाले, "दिवस बुडंपातुर इचार कर. एका हाताची गोष्ट हाय."

घरात एक घागर पाणी होतं. गावचा दंडक रतनबाईला लागू नव्हता. तिनं चूल पेटवली आणि तांदळाच्या कण्या शिजत टाकल्या. धूर घरभर झाला तशी बयाबाईनं डोळे उघडले.

"धूर कशाचा गं?"

"पेज करती तुमास्नी. चार दिस पोटात काय न्हाई."

"गाडा गेला का शिवंपल्याड?"

"न्हाई."

"मंग उतरव ती."

"आत्याबाई, तुमी पडल्यात. पडल्याल्या मानसाला कसला आलाय दंडक?"

"गाव उपाशी आन मी पेज वरपू? उद्या आईनं इचारलं तर काय सांगू, सुनंनं पाजली म्हनून?" एवढं बोलून बयाबाईला खोकला आला. तो ओसरल्यावर ती म्हणाली, "तुजा परभू सूट देतो व्हय तुला? हात लाव म्हनले तर लावलास का? मंग मला सांगू नगंस."

रतनबाईनं पेज उतरवून झाकून ठेवली. बाहेर त्या दोघांशी झालेलं बोलणं सासूनं आतून ऐकलं होतं, तर. तरी तिनं एका शब्दानं हात लाव म्हटलं नव्हतं. तिनं नुसतं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि ओठ मिटून घेतले.

रतनबाई उंबऱ्यात बसून राहिली. मास्तरांनी सांगितलेली सगळी संकटं तिनं मनाशी परत लावून पाहिली. उपासमार होती, छळ होता, घरादाराला मुकणं होतं, जीव जाणं होतं. ते सगळं आपल्या अंगावर येणार असं ती धरून चालली होती आणि त्याला तिची तयारी होती. पण दुसऱ्याची भूक आपल्या हातात आणून देतील, असं त्यात कुठे आलं नव्हतं. तिनं प्रार्थना केली. प्रभू आजच आला तर बरं, असंही तिला वाटलं, कारण मग हे ठरवायला लागलं नसतं. मागं वळून पाहिलं तर बयाबाईची छाती भात्यासारखी वरखाली होत होती आणि पेजेवर साय धरली होती. तिनं एकदा चमच्यानं पेज सासूच्या ओठांना लावली. ती हनुवटीवरून ओघळून गेली.

उन्हं कलली तेव्हा कोंडाजीची बायको नंदाबाई अंगणाच्या काटेरी कुपाटीपाशी आली. तिनं आत पाऊल टाकलं नाही.

"जाऊबाई, पाटलाची थोरली गेली," ती म्हणाली. "तानं पोर हाय तिला. पाटील तितंच ओढ्यावर बसून हायत, घरी गेलं न्हाईत." मग ती म्हणाली, "माजी धाकटीबी तापलीया." आणि निघून गेली.

रतनबाई उठली. ती कशासाठी उठली, दांडीला हात लावायला की आणखी कशाला, हे पुढे तिला कधी नीट सांगता आलं नाही. कारण तेवढ्यात मागून आवाज आला.

"बस खाली. आन माजी काठी दे."

बयाबाई अंथरुणावर उठून बसली होती. भिंतीला हात टेकून ती उभी राहायला बघत होती.

"कुटं निगाला?"

"घर माजं. मान माज्या दाल्ल्याचा. त्या मुडद्यांनी तुला इचारलं, मला का न्हाई इचारलं? मेले समजले व्हय मला?"

"तुमास्नी उबं ऱ्हाता येत न्हाई."

"मंग तू धर. सासूला धरायला मना केलंय का तुज्या मास्तरनं?"

ते मास्तरांनी मना केलं नव्हतं. रतनबाईनं सासूच्या कमरेला हात घातला आणि दोघी निघाल्या. ओढा जेमतेम पाव कोसावर, पण वाटेत बयाबाई तीनदा खाली बसली. तिसऱ्यांदा बसली तेव्हा म्हणाली, "हळू वढ, मी काय गाडा न्हाई." महारवाड्यातली माणसं दारादारांतून बघत होती. कुणी पुढे आलं नाही आणि कुणी अडवलंही नाही.

ओढ्यात पुरुष बसले होते. दुपारभर त्यांनी रिकामा वेळ घालवला नव्हता. चाकापुढचा गाळ उकरला होता, खाली दगडी फरश्या सरकवल्या होत्या, आसाला कासरा बांधला होता. एकदा जोर लावून बघायचा राहिला होता, पण त्यासाठी हात हवा होता. दोघींना पाहून पाटील उठून उभे राहिले. पोतराज बाजूला झाला.

बयाबाईनं उजवा हात पुढे केला. तो दांडीच्या वीतभर अलीकडे आला आणि तिथूनच खाली यायला लागला. रतनबाईचा एक हात सासूच्या कमरेला होता. दुसऱ्या हातानं तिनं सासूचं मनगट धरलं, उचललं आणि तो हात दांडीवर ठेवला. तिची स्वतःची बोटं लाकडापासून दोन अंगुळं वर होती. सहा जणांनी कासरा ओढला. चाक फरशीवर चढलं, गाडा करकरला आणि पलीकडच्या काठावर जाऊन उभा राहिला.

"हात लागला," कुणीतरी म्हणालं. ते बोलणं तोंडातोंडी गावात गेलं आणि दोघी घरी पोचायच्या आत हिरडेवाडीच्या घरांवर धूर दिसायला लागले. कुणाचा हात लागला, हे कुणी विचारलं नाही. जुन्या घरच्या दोघी आल्या होत्या आणि गाडा निघाला होता, गावाला तेवढं पुरे होतं.

बयाबाई त्या संध्याकाळी गार झालेली पेज वाटीभर प्यायली आणि मीठ कमी आहे म्हणाली. ती जगली. गावात मात्र पुढच्या आठवड्यात आणखी अकरा माणसं गेली, त्यांत नंदाबाईची धाकटी. मग ताप आपोआप ओसरला. पलीकडच्या गावानं गाडा कामशेतच्या बाजूला ढकलला, तिथून तो कुठे गेला ते कुणाला माहीत नाही. विहिरीचं पाणी बंद केल्याचं कोंडाजीनं परत कधी काढलं नाही. तिसऱ्या दिवशी रतनबाई घागर घेऊन गेली तेव्हा नंदाबाईनंच तिच्या घागरीत पोहरा रिकामा केला.

लोणावळ्याला बातमी गँगवरच्या एकानं नेली. हिरडेवाडीच्या रतनबाईनं गाडा ओढला, अशी. मास्तरांनी त्या एका महिन्यात सव्वीस जणांना पुरलं होतं, त्यांत त्यांची धाकटी मुलगी होती. रविवारी उपासना संपल्यावर त्यांनी रतनबाईला सगळ्यांपुढे उभं केलं.

"रतनबाई, मी ऐकलं ते खरं का? गाड्याला हात लागला?"

"माजा न्हाई लागला, मास्तर. आत्याबाईंचा लागला."

मास्तरांचा चेहरा मोकळा झाला. ती तिथंच थांबली असती तर गोष्ट तिथंच संपली असती. पण ती पुढे म्हणाली, "पन त्यांचा हात पोचत नव्हता. मनगट मी उचललं."

मास्तरांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. "म्हणजे तूच लावलास."

"त्यांचा लावला."

"का?"

"त्या उपाशी व्हत्या."

बाकांवर चुळबुळ झाली. मास्तर म्हणाले, "ठीक आहे. चूक झाली असं इथं सगळ्यांसमोर म्हण, म्हणजे मिटलं. बाई, चुका घेऊन बसायला आपल्याकडे आता वेळ उरलेला नाही. तो दाराशी आलाय."

"चूक झाली का न्हाई ते मला ठावं न्हाई. ठावं न्हाई ते कसं म्हनू? उद्या त्या तशाच पडल्या तर मी परत धरीन."

"मग प्रभुभोजनात तुला भाग नाही. म्हणशील तेव्हा ये."

"बरं. मागं बसू का?"

"बस," मास्तर म्हणाले.

ती मागं बसू लागली. दर तीन महिन्यांनी प्रभुभोजन असे. भाकरीचं ताट आणि प्याला बाकाबाकानं मागं येत आणि तिच्या आधीच्या बाकावरून परत फिरत. सुरुवातीला पुढच्या बाकावरच्या बायका अवघडून खाली बघायच्या, नंतर सवय झाली. नोव्हेंबरात लढाई संपली. लोणावळ्याच्या स्टेशनावर झेंडे लागले, शाळेतल्या पोरांना पेढे वाटले. पुढच्या वर्षी पाऊस वेळेवर आला आणि खाचरं भरली. मास्तर चिन्हं सांगायचे, पण आता बोटं कमी मिटायची. गेल्या साली ज्यांनी घाबरून रोज देवळात यायला सुरुवात केली होती, ते हळूहळू सणावारीच दिसू लागले. रतनबाई चुकली नाही. भातलावणीत पाय पाण्यात राहून कुजले तरी ती आली, फडकी बांधून. लायनीच्या कडेनं चालताना ती मनाशी एकच तयारी करायची. प्रभू आला आणि त्यानं मनगटाचं विचारलं, तर काय सांगायचं? ती निरनिराळ्या तऱ्हांनी उत्तर मांडून बघायची. लोणावळा येईपर्यंत उत्तर तेच निघायचं.

बयाबाईला हे कळायला वर्ष लागलं. गँगवरचाच कुणी बाजारात भेटला आणि बोलून गेला. बयाबाईनं घरी आल्या आल्या विचारलं, "तुला तितं भाकर देत न्हाईत म्हनं. पंक्तीतनं उठवल्यावानी बसवत्यात."

"उठवत न्हाईत. मागं बसवत्यात."

"एकच ते. त्या मास्तरची मूळची जात कंची?"

"आपलीच."

"मंग त्या मेल्याला एवडा कसला इटाळ?"

रतनबाईनं तिला समजावून सांगितलं. बयाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि पुढचं प्रभुभोजन कधी, तेवढं विचारलं.

माघात प्रभुभोजनाचा रविवार आला. रतनबाई पहाटे निघाली तर बयाबाई लुगडं नेसून, काठी घेऊन अंगणात उभी. तीन कोस ती चालली, कुरकुर करत, पण चालली. देवळात शेवटच्या बाकावर सुनेशेजारी बसली, आणि ताट पहिल्या बाकाशी निघालं तशी उठून उभी राहिली.

"मास्तर, आदी माजं ऐका. गाड्याला हात माजा व्हता. माजा मीच लावला. हिनं उचलला न्हाई. मला चांगली सुद व्हती. ही तवा नवऱ्याच्या दुःखात, हिला उगंच वाटतंय आपन उचलला म्हनून."

मास्तर ताट हातात घेऊन उभे होते. सव्वा वर्ष त्यांनाही जड गेलं होतं, ते त्यांच्या तोंडावर सगळ्यांना दिसलं.

"रतनबाई," त्यांनी विचारलं, "असं आहे का?"

तोंडानं काही म्हणायचीही गरज नव्हती. नुसती मान हलली असती तरी चाललं असतं. बयाबाई काठीचं टोक तिच्या पायावर रेटत होती. रतनबाईनं पाय काढून घेतला.

"न्हाई, मास्तर," ती म्हणाली. "आत्याबाईंना तवा ताप व्हता. मी उचललं."

"गाढवीन हाय निस्ती," बयाबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली आणि खाली बसली.

पुढच्या बाकांवर कुणीतरी हसू दाबलं. मास्तर हसले नाहीत. त्यांनी ताट एकेका बाकाला दिलं, नेहमीसारखं. शेवटून दुसऱ्या बाकापाशी ते नेहमी वळत, तिथं थांबले. मग तसेच पुढे आले आणि ताट रतनबाईसमोर धरलं.

तिनं हात पुढे केला नाही. "ठरलं का, मास्तर?"

"नाही ठरलं," मास्तर म्हणाले. "ते तो आला की त्यालाच विचारू. मला वाटलं होतं तो एवढ्यात येईल, म्हणून तुला थांबवलं. त्याला उशीर होतोय. तोवर तुला उपाशी ठेव, असं मला कुणी सांगितलेलं नाही."

रतनबाईनं भाकरीचा तुकडा घेतला.

बयाबाईनंही हात पसरला होता.

"तुम्हाला नाही, मावशी," मास्तर म्हणाले.

"का? मीबी तीन कोस चालून आलीया."

"तुमचा बाप्तिस्मा झालेला नाही."

"मंग ऱ्हाऊ द्या," बयाबाई हात आवरत म्हणाली. "वास तेवडा बरा व्हता."

परतताना ऊन झालं होतं. लायनीच्या कडेनं दोघी चालल्या होत्या, रतनबाई पुढे, बयाबाई मागे. मग बयाबाई म्हणाली, "उशीर व्हतोय म्हनला न्हवं मास्तर? किती उशीर?"

"ते कुनालाच ठावं न्हाई, आत्याबाई."

"म्हंजी उद्या यायचा न्हाई."

"उद्याबी येईल."

"मंग वालाच्या शेंगा आज सांजंलाच तोडू. राखून ठेवल्या तर निबर व्हत्यात." थोडं चालून ती परत म्हणाली, "आन सावकाश चाल की जरा. तुला घाई आसंल, मला न्हाई."

रतनबाई थांबली. सासू शेजारी येईपर्यंत तिनं वाट पाहिली आणि मग तिच्या चालीनं चालू लागली.